मोडीतलं हे नाव वाचून द्या : आमच्या वंशावळीतले ‘भागोका’

खापरपणतू

नमस्कार मंडळी. आमच्या घराण्याची वंशावळ मोठ्या काकांनी १९६० च्या सुमारास एका वहीत उतरवून ठेवली. तेव्हा गावात मोडी वाचणारी एक-दोन म्हातारी माणसं होती, त्यांच्याकडून कागद वाचून घेतले असं काका सांगत. वहीत क्रम असा आहे : महादजी, त्याचा भागोका, त्याचा रखमाजी, मग माझे पणजोबा, आजोबा, वडील.

महादजी समजला, रखमाजी समजला. भागोका कोण? असं नाव गावात नाही, भावकीत नाही, आणि मी आजवर कुठे ऐकलेलंही नाही. लहानपणी वाटायचं टोपणनाव असेल. एका पाहुण्याने ‘कानडी असेल’ म्हणून विषय मिटवला होता.

गेल्या महिन्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, आणि काकांनी ज्यावरून हे नाव घेतलं तो मूळ कागदच सापडला. स्टॅम्पाच्या कागदावरचं वाटणीपत्र आहे. शके १८०३ की १८०८, शेवटचा आकडा पुसटलाय. चार घड्या, घड्यांवर झिजलेला, दोन ठिकाणी कसरीने खाल्लेला. मी मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केलाय, म्हणजे मला स्वतःचं नाव लिहिता येतं आणि दुसऱ्याचं वाचता येत नाही.

नावाचा तेवढा भाग कापून फोटो देतोय. मला आजवर लागलेली वाचनं : भागोका, भागूका, भागोजी, वाघोका, मागोबा.

शेवटी सह्यांच्या जागी दोन नांगर काढलेत. त्यांच्या खाली एक वाटोळं आहे, ते बहुधा कोणीतरी ओला पेला ठेवल्याचा डाग असावा. त्याच्या बाजूला ‘बागडी’ असं काहीसं वाचता येतं, म्हणजे कोणी बागडे साक्षीदार असावेत. ते महत्त्वाचं नाही, मला फक्त नाव हवंय.

दुपारची झोप

बसलो आहे. येऊ द्या.

बोरूबहाद्दर

भागोजी. यात प्रश्न काय आहे? ‘जी’चा शेवटचा फराटा उडालाय. भागोजी हे चांगलं रुळलेलं नाव आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

परदेशी पाटील

मी तुमचा फोटो मोडीचं देवनागरी करून देणाऱ्या एका ॲपमध्ये टाकून पाहिला. उत्तर आलं : ‘भगवान काका’. आत्मविश्वास भरपूर. पुन्हा टाकला तर ‘भाग क्र. १’.

दुपारची झोप

भगवान काका =))

शिरोरेषा

खापरपणतू, रागावू नका, पण नावाचा तुकडा कापून टाकणं म्हणजे डॉक्टरला फक्त नख दाखवून ‘ताप का येतो’ विचारण्यासारखं आहे. पूर्ण पान टाका. पाठपोट.

का ते सांगते. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि त्या रेघेला अक्षरं टांगत जातात. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं जवळपास नाहीत. म्हणजे तुम्ही जिथे कात्री लावलीत तिथे शब्द संपतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? काकांच्या वहीने सांगितलं. तुम्ही कागद वाचत नाही आहात, वही वाचताय आणि कागदाकडून मान डोलावून घेताय.

दुसरं, नाव हे कागदातलं सगळ्यात अवघड वाचन. ‘सदरहू’, ‘मजकूर’, ‘लिहून दिले’ हे शब्द अर्धे फाटले तरी ओळखता येतात, कारण पुढे काय येणार ते ठाऊक असतं. नावाला असा आधार नसतो. म्हणून उलटीकडून जायचं. त्याच पानावरचे खात्रीचे शब्द घ्यायचे. तुमचं गाव, तालुका, महिन्याचं नाव, ‘बिन’, ‘वाटणी’. त्यांतून त्या कारकुनाचा क कसा, ग कसा, जी कशी, हे एका कोऱ्या कागदावर उतरवून काढायचं. मग नावाकडे यायचं. पुस्तकातली मोडी बाराखडी पाठ असून भागत नाही, त्या माणसाचा हात पाठ व्हावा लागतो.

आणि मोडीच्या काही खोडी माहीत हव्यात. ऱ्हस्वदीर्घ वेलांटी-उकाराचा भेद ती पाळत नाही, त्यामुळे ‘विठु की विठू’ यावर डोकं शिणवू नये. अनुस्वार बहुतेक वेळा गाळतात : खंडू ‘खडू’ होतो, पांडू ‘पाडू’, गंगा ‘गगा’. ब आणि व जुळे भाऊ. र सगळ्यात बेरकी, पुढच्यामागच्या अक्षराप्रमाणे रूपं पालटतो. काना-मात्रा घाईत अर्धवट सुटतात. तुमच्या शेवटच्या अक्षरावर मला मात्रेचा किंचित अंश दिसतोय. म्हणजे ‘का’ नसून ‘को’ असू शकेल. याहून जास्त त्या नखावरून सांगणार नाही.

मनमौजी

वाचनखूण साठवली. शिरोरेषा, तुम्ही वेगळा लेख का लिहीत नाही?

बोरूबहाद्दर

भागोको? हे तर भागोकाहून वाईट. मी भागोजीवर ठाम आहे.

तलाठ्याचा पोरगा

आयडीवरून कळलं असेलच. वडिलांच्या दप्तराशेजारी बसून गृहपाठ केलाय, म्हणून दोन गंमती.

एक गृहस्थ आले, म्हणे आमच्या पूर्वजांचं आडनाव ‘अपाक’ होतं, ते कुठल्या प्रांतातलं? सातबाऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहिलेलं होतं. अज्ञान पालन कर्ता. म्हणजे खातेदार अज्ञान, वयात न आलेला, त्याच्या वतीने पुढे ज्याचं नाव तो पालक. असंच ‘ए.कु.मॅ.’ एकत्र कुटुंब मॅनेजर. त्यावरून कोणी ‘एकूम’ नावाचा पूर्वज काढला नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

दुसरी. एका काकूंनी जुन्या यादीची नक्कल काढली होती आणि त्या फार अस्वस्थ होत्या. त्यांच्या खापरपणजोबांच्या नावासमोर ‘कित्ता’, खाली परत ‘कित्ता’, अशा सात ओळी. काकूंना वाटलं कित्ता नावाच्या सात बायका केल्या की काय. अहो, कित्ता म्हणजे वरीलप्रमाणे!

आता कामाचं. जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर, गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात रखमाजीच्या जन्माची नोंद शोधा. पण तिथेही मुलाचं नाव सापडेल या भरवशावर राहू नका. नोंद बारशाच्या आधी व्हायची. त्यामुळे ‘मुलगा झाला’ आणि बापाचं नाव एवढंच असतं. बापाचं नाव तर तुम्हाला हवंच आहे.

रावसाहेब

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमल्यापासून कुणबी नोंदी शोधायला गावोगाव मोडीवाचकांची धावपळ चाललीय. चांगला वाचक मिळणं मुश्कील. आणि ज्याला जे नाव हवं तेच कागदात दिसतं हा प्रकारही वाढला. आमच्या तालुक्यात तर...

मनमौजी

रावसाहेब, ‘हवं तेच दिसतं’ हे दोन्ही बाजूंना लागू आहे बरं का. ज्यांना दिसू द्यायचं नाही त्यांना ढळढळीत अक्षरही दिसत नाही.

रावसाहेब

कोणाला म्हणताय? स्पष्ट बोला.

संपादक

आरक्षणावर तीन धागे आधीच सुरू आहेत. तिकडे जावे. या धाग्यावर मोडी, नावे आणि भागोका एवढेच. पुढचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

वसईवाला

आमचं दुखणं वेगळ्या लिपीतलं. आमच्या पूर्वजांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चर्चच्या पोर्तुगीज वह्यांत. पाद्री घाईत आडनावांची आतडी काढून ठेवायचा. रॉड्रिग्ज लिहायचं तर आर-ओ-आय-झेड, फर्नांडिस तर एफ-आर-झेड. आम्ही दोन वर्षं ‘रोइझ’ नावाचं वेगळं घराणं शोधत होतो, आणि ते आम्हीच निघालो.

शिरोरेषाताई म्हणतात ते तिकडेही खरं. सुटं नाव लागेना, तेव्हा मी त्या पाद्र्याच्या हातची पंचवीस पानं नुसती नकलली, अर्थ न बघता. सव्विसाव्या पानापासून तो माझ्याशी बोलायला लागला.

ठकू

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. या सगळ्या वंशावळींत बायका कुठे असतात? आमच्याकडे अकरा पिढ्यांचा तक्ता भिंतीवर लावलाय, फ्रेम करून. एकशे चाळीस पुरुष. एकही बाई नाही. एवढे सगळे काय झाडाला लागले होते?

बोरूबहाद्दर

ठकूताई, वंशावळ म्हणजे पुरुष वारसांची यादी. तेव्हा ती वतनासाठी आणि जमिनीसाठी लिहायचे, आठवण म्हणून नव्हे. यात आकसाचा भाग नाही.

ठकू

आकस आहे असं मी कुठे म्हटलं? झाडाला लागले होते का, एवढंच विचारलं.

दुपारची झोप

पॉपकॉर्न संपले. दुसरे आणतो.

शिरोरेषा

ठकू, वंशावळीत नसतात, पण कागदांत असतात. विधवा बाई नवऱ्याच्या वाटणीसाठी उभी राहिली, मुलाची पालक झाली, दत्तक घेतलं, की तिचं नाव येतंच. फक्त तक्ता करणाराने ते उचलायला हवं.

जुना कागद

जुन्या कागदांत वर्ष सुहूर सनात, अरबी शब्दांत लिहीत. त्यावरून आमची फजिती झाली होती ती सांगतो. आमच्याकडच्या एका सनदेच्या पहिल्या ओळीत आजोबांनी चार माणसं वाचली होती : खमस, अर्बैन, मया आणि अलफ. मया ही बाई आणि बाकी तिघे मुसलमान सरदार, ज्यांच्या समोर सनद झाली! घरात हे दर गणपतीला सांगितलं जायचं. पुढे कळलं की हे अरबी आकडे आहेत. पाच, चाळीस, शंभर, हजार. मिळून सुहूर सन ११४५. त्यात ५९९ मिळवा, इसवी सन १७४४-४५. सरदार गेले, मयाबाईही गेली. आजोबांनी हा शोध शेवटपर्यंत मान्य केला नाही.

मनमौजी

मयाबाईला भावपूर्ण श्रद्धांजली.

हिशेबनीस

मला मोडी येत नाही. पण आकडे येतात. खापरपणतू, तीन गोष्टी सांगा. रखमाजी कधी वारला? तेव्हा वय काय नोंदलंय? महादजीचा उल्लेख असलेला दुसरा एखादा कागद आहे का, आणि त्यात तो किती मोठा आहे?

खापरपणतू

रखमाजीची मृत्यूनोंद मिळाली आहे, १९४१, वय ६५. महादजीचं नाव अजून एका पावतीवर आहे, शके १७८४. ती वर्गातल्या सरांनीच वाचून दिली होती. तिच्यात ‘अज्ञान महादजी’ असं आहे.

पूर्ण पान रात्री टाकतो. कागद उलगडताना तुकडे पडतायत, म्हणून टाळत होतो.

हिशेबनीस

मग ऐका. रखमाजी जन्मला १८७६ च्या आसपास. वयाच्या नोंदी अंदाजे असतात, पाच वर्षं इकडेतिकडे धरा. शके १७८४ म्हणजे १८६२. त्या साली महादजी अज्ञान, म्हणजे फार तर सोळा-सतरा वर्षांचा. त्याचा जन्म १८४५ च्या अलीकडचा. म्हणजे रखमाजी जन्मला तेव्हा महादजी तिशीत, फार तर पस्तिशीला टेकलेला.

आता तुमच्या वहीप्रमाणे या दोघांच्या मध्ये भागोका बसवायचा आहे. तीस वर्षांत आजा, बाप आणि नातू. महादजीला पंधराव्या वर्षी मुलगा आणि त्या मुलालाही पंधराव्या वर्षी मुलगा? बालविवाहाचा काळ धरला तरी ओढाताण आहे. मला वाटतं तुमच्या वंशावळीत एक पिढी जास्त आहे. भागोका कोणीही असो, तो महादजीचा मुलगा आणि रखमाजीचा बाप नाही.

बोरूबहाद्दर

किंवा महादजी दोन असतील. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एकाच घरात महादजी-रखमाजी-महादजी अशी माळ लागते. अज्ञान महादजी वेगळा आणि भागोजीचा बाप वेगळा.

हिशेबनीस

हा मुद्दा मान्य. तेवढी फट आहे.

मनमौजी

बोरूबहाद्दर बरोबर बोलले. तारीख लिहून ठेवा.

विनायकी

मी जरा विरोधात बोलतो. काकांनी साठ वर्षांपूर्वी, मोडी ज्यांना सहज येत होती अशा माणसांकडून वाचून घेतलं. आपण दहा दिवसांचा वर्ग करून आणि मोबाइलवर फोटो मोठा करून त्यांना खोटं पाडणार? त्या माणसांना गावातली नावं, भावकी, वाद, सगळं माहीत होतं. तो संदर्भ आपल्याकडे नाही. माझ्या मते शंका असेल तिथे जुनं वाचन राहू द्यावं.

शिरोरेषा

विनायकी, अर्धं पटतं. जुन्या वाचकाला संदर्भ होता हे खरं. पण त्याला चष्मा होता का, उजेड कसला होता, बाजूला काका ‘पुढे काय, पुढे काय’ करत बसले होते का, हेही विचारा. तो वाचून दाखवायचा आणि ऐकणारा उतरवायचा. मध्ये कान आहे. माझ्याकडे एका वहीत ‘येसाजी’चा ‘हे साजी’ झालेला आहे.

मी स्वतः दोन्ही ठेवते. काका असं वाचतात, मला असं दिसतं. गेलेलं अक्षर चौकटी कंसात, शंकेचं असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. खोडून दुरुस्त करायचं नाही, कारण उद्या मीच चुकलेली निघेन.

कृष्णाकाठ

दक्षिणेकडचे असाल तर हेळव्यांना विचारा. बैल घेऊन येतात, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, वह्याही असतात. आमच्या दोन पिढ्यांचा घोळ त्यांनी ओट्यावर बसून सोडवला. नाहीतर त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याची वही निघते. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, भाऊ किती, मुलगे किती. कित्येकदा आलेल्या माणसाच्या स्वतःच्या अक्षरात.

खापरपणतू

हे घ्या पूर्ण पान. दोन्ही बाजू. ओल्या कापसाने वगैरे काही केलेलं नाही, घाबरू नका. काचेखाली ठेवून खिडकीजवळ दिवसा काढलेत फोटो.

शिरोरेषा

ओल्या कापसाचं नाव जरी काढलं असतंत तरी मी धागा सोडून गेले असते. फोटो छान आलेत. तिरपा उजेड घेतलात तेही बरं केलं. मी बघते, पण रुमाल क्र. ७ यांना व्यक्तिगत निरोप केलाय. त्यांनी पेशवे दफ्तरात बरीच वर्षं काढलीत.

हिशेबनीस

पहिल्याच ओळीत मला ‘वृष’ असं लिहिल्यासारखं दिसतंय का कोणी सांगेल? तसं असेल तर ‘वृषनाम संवत्सरे’. मग शके १८०३ पक्कं. १८०८ असतं तर ‘व्यय’ हवं होतं. शेवटचा आकडा पुसला तरी संवत्सर साक्ष देतो, साठ वर्षांनीच तेच नाव परत येतं.

शिरोरेषा

वृषच आहे. मोडी येत नाही म्हणणाऱ्याने पहिलं खात्रीचं वाचन केलं, नोंद घ्यावी.

दुपारची झोप

म्हणजे १८८१. तेव्हा रखमाजी पाच वर्षांचा. अरे, मी हिशेब केला!

रुमाल क्र. ७

नमस्कार. उशीर झाला, भिंग शोधत होतो.

हात साधा आहे. टाकाने लिहिलेली धावती मोडी, सराईत पण आळशी कारकून. काने नीट, मात्रा अर्ध्या. शिरोरेषा म्हणतात तसं आधी त्याचा हात काढला. नवव्या ओळीत ‘कोणी हरकत केल्यास’ असं आहे, त्यातला ‘को’ बघा. मात्रा रेघेवर फक्त टेकवलेली. तुमच्या नावाच्या शेवटी हुबेहूब तोच ‘को’. म्हणजे ‘का’ गेला. ‘जी’ही गेली, कारण याची ‘जी’ खाली सटवाजीत आणि महादजीत आहे, दोन्हीकडे शेपूट डावीकडे वळतं. इथे शेपूटच नाही. बोरूबहाद्दर, क्षमस्व.

आता महत्त्वाचं. ‘भागूको’च्या लगेच पुढे कागदाची उभी घडी आहे. काकांच्या वाचकाने ‘भागूको’ वाचून थांबून, घडीपलीकडे ‘महादजी’पासून नवा शब्द धरला. पण घडीपलीकडचा ‘महादजी’ पूर्ण शाबूत आहे, त्याचा म घडीला स्पर्शही करत नाही. आणि घडीत एका अक्षराची जागा आहे. तुमच्या मागच्या बाजूच्या फोटोत शाई पाझरलेली दिसते, तो फोटो आरशात धरल्यासारखा उलटा करून पाहिला. घडीत एक अक्षर आहे, आणि ते महादजीतल्या म सारखंच आहे.

म्हणून मी असं वाचतो : भागू को[म] महादजी.

‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. पुढची ओळ कसरीने खाल्ली आहे, पण ‘अज्ञान रखमाजी याची पालन...’ इतकं निर्विवाद. ‘याची’. ‘याचा’ नव्हे.

भागोका नावाचा पुरुष या कागदात नाही. महादजी मयत, त्याचा भाऊ सटवाजी वाटणी मागतोय की देतोय ते नीट वाचून सांगेन, आणि पाच वर्षांच्या पोराच्या वतीने भागू उभी आहे.

मनमौजी

अंगावर काटा.

हिशेबनीस

पिढी जास्त होती ती हीच. धन्यवाद.

बोरूबहाद्दर

भागोजी मागे घेतो. दुसऱ्या महादजीचा मुद्दाही मागे घेतो. मात्र ‘जी’चा फराटा उडालाय असं म्हणणारा मी एकटा नव्हतो, धागाकर्त्यानेही एक वाचन तेच दिलं होतं, एवढं नमूद करतो.

विनायकी

रुमाल, वाचन पटलं. तरी विचारतो, एकाच पाझरलेल्या डागावर पिढी उडवायची? ‘कोम’चा म तुम्हाला दिसला, कारण ‘कोम’ हा शब्द तुम्हाला माहीत होता.

रुमाल क्र. ७

योग्य शंका. नुसत्या डागावर मीही उडवणार नाही. पण ‘याची’ आहे, वयाचा हिशेब आहे, आणि भागोका हे नाव दुसरीकडे कुठेच नाही. चौथा पुरावा मिळाला तर मलाही हवा आहे.

ठकू

मला एक सांगा. खापरपणतूंनी पहिल्याच पोस्टमध्ये दोन नांगर आणि खाली एक वाटोळं म्हटलं होतं. पूर्ण पान म्हणून जे टाकलंय त्यात खालचा भाग कापलेलाच आहे. ते वाटोळं कुठे गेलं?

खापरपणतू

अहो, तो पेल्याचा डाग आहे, चांगला दिसत नव्हता म्हणून कापला. आणि बागडे साक्षीदाराचं नाव. टाकतो थांबा.

शिरोरेषा

खापरपणतू!! परत कात्री!

खापरपणतू

टाकला. नांगर, नांगर, वाटोळं. शेजारी ‘बागडी’.

रुमाल क्र. ७

लिहिता न येणाऱ्यांनी सहीच्या जागी आपल्या कामाची खूण करायची. शेतकऱ्याचा नांगर. सुताराचं, न्हाव्याचं आपापलं हत्यार. बाईची बांगडी.

अनुस्वाराबद्दल शिरोरेषांनी वर लिहिलंच आहे. बागडे कोणी नाहीत. ‘निशाणी बांगडीची’ असं आहे, ‘निशाणी’ वरच्या ओळीला चिकटलीय. आणि कारकुनाने नुसतं काढलेलं वर्तुळ नाही हे. कडेला शाई दोनदा फिरलीय, हात थरथरलाय. विनायकी, हा घ्या चौथा.

विनायकी

घेतला.

ठकू

पेल्याचा डाग म्हणे.

खापरपणतू

काय लिहू कळत नाही. तो कागद समोर ठेवून बसलोय. महिनाभर मी त्या वर्तुळावर बोट ठेवून कागद सपाट करत होतो.

काकांची वही तशीच ठेवतो, शिरोरेषा म्हणतात तशी समोरच्या पानावर नवी नोंद करतो. फक्त एक अडचण. वहीतल्या तक्त्यात बायकोसाठी रकानाच नाही. भागूला कुठे लिहू?

ठकू

जिथे भागोका होते तिथेच. जागा रिकामी झालीय ना.

कृष्णाकाठ

तिचं माहेर कळलं तर इथे जरूर लिहा. नामावळीत सापडेल कदाचित.

खापरपणतू

पुढच्या महिन्यात त्र्यंबकला जातोय. दरम्यान, पावतीवर महादजीच्या बापाचं नाव आहे, सरांनी ‘सुभानजी’ वाचलं होतं, मला ‘तुकाजी’ दिसतंय. नावाचा तेवढा भाग कापून...

शिरोरेषा

पूर्ण पान.